मधला घे

"मॅडम, ह्यातला कुठला घेऊ?"

एवढाच प्रश्न होता. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, दुपारचे साडेतीन. डोक्यावरचा पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देत होता आणि मी अंतर्गत गुणांच्या याद्या तपासत बसले होते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी, तासगावकडची, वहीचं मागचं पान उघडून टेबलाशी उभी राहिली. पानावर तीन आकडे. एकच जेल, एकच लेन, एकच बँड. (जेल म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणं वेगळी करायची पातळ थरथरती वडी, लेन म्हणजे तिच्यातली एका नमुन्याची वाट, बँड म्हणजे त्या वाटेवर उमटलेली एका प्रथिनाची पट्टी.) तिनं तो कॉम्प्युटरवर तीनदा मोजला होता आणि तीनदा वेगळा आला होता. १६९०१.२९२, १८४३२.७०६, १९७७५.०४१. दशांश चिन्हापुढं तीन-तीन घरं. मी पान बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "मधला घे."

"होय मॅडम," म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी स्कूटरवरून मार्केट यार्डाच्या अंगानं घरी येत होते. हळदीचा हंगाम. या दिवसांत त्या भागातली हवाच पिवळट असते. नाकात आधी धूळ जाते, मग मातीचा, मग आल्याच्या जवळपासचा एक उग्र वास घशात उतरतो आणि घरी जाऊन चूळ भरली तरी तिथंच बसून राहतो. पुढं पोत्यांनी भरलेला ट्रक वळत होता, मागं आम्ही दहा-बारा दुचाक्या पाय टेकून उभ्या. तिथं ते दोन शब्द मला परत ऐकू आले. आवाज मात्र आण्णांचा होता.

आण्णा, माझे वडील, अडत दुकानात दिवाणजी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायचं काम माझ्याकडं असायचं आणि डबा संपेपर्यंत मी गादीच्या कडेला बसून सौदे बघायची. हळदीचे ढीग ओतलेले. खरेदीदार यायचा, ढिगातलं एखादं हळकुंड उचलायचा आणि मोडायचा. चांगलं वाळलेलं असलं तर कट्ट असा आवाज यायचा. आतला रंग बघायचा, नखानं खरवडायचा, वास घ्यायचा, कधी दाताखाली धरायचा. चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही. फार पूर्वी रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरायचे म्हणे. दोघांच्या बोटांना कळायचं, भोवतीच्या वीस माणसांना नाही. मी बघितलं ते उघड्या बोलीचं युग. पण भाव ठरून गेल्यावर खरी भांडणं सुरू व्हायची, ती वजनावरून. बारदान वजा करण्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसायचं, रिकाम्या पोत्याचं वजन सगळ्यांना माहीत. भांडण कडत्याचं. माती, ओल, तूस म्हणून पोत्यामागं किती सोडायचं? व्यापारी म्हणणार दोन किलो, शेतकरी म्हणणार "माझ्या लेकराच्या तोंडातलं काढताय व्हय", आणि मग दोघंही आण्णांकडं बघणार. आण्णा चष्मा कपाळावर घ्यायचे आणि म्हणायचे, "मधलं धरा." लेखणी चालायची. दोघंही थोडे नाराज होऊन चहा प्यायचे.

हे 'मधलं' माझ्या तोंडात कुठून आलं ते त्या ट्रकच्या मागं उभी असताना कळलं. पण कळल्यामुळं बरं वाटायच्या ऐवजी जास्तच खुपायला लागलं.

मुलीचा प्रकल्प साधा आहे. मटकी. आमच्याकडं प्रकल्पाला पैसे किती मिळतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना मटकीच का, हे सांगायला नको. कोरड्या मटकीत पुढच्या रोपासाठी प्रथिनांचा साठा भरून ठेवलेला असतो. मोड यायला लागले की तो साठा फुटतो, त्याचे तुकडे होतात आणि अंकुर ते खातो. आपण मोड आलेली मटकी उसळीसाठी उचलतो ती बिचारीच्या पहिल्या जेवणाच्या मध्यात. तर शून्य, एक, दोन, तीन, चार अशा दिवसांची मटकी वाटून, प्रथिनं काढून, जेलवर शेजारी शेजारी सोडायची. पन्नास किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपासचा जाडजूड बँड दिवसागणिक फिकट होत जाताना दिसायला हवा. तिसऱ्या दिवसाचा दुसऱ्यापेक्षा गडद दिसत होता. ती माझ्याकडं तीन आकडे घेऊन आली ते या तिसऱ्या दिवसाचे.

जेल करण्यात एक स्वयंपाकघरी सुख आहे, ते मी अजून सोडलेलं नाही. दोन काचांच्या मध्ये द्रावण ओतायचं आणि ते खालून गळत नाही ना हे श्वास रोखून बघायचं. गोठायच्या आधी ते विषारी असतं, म्हणून हातमोजे. पण ते गोठतं तेव्हा खरवसाची आठवण येते. मग वर आणखी एक थर ओतून, तो गोठायच्या आत कंगवा खोचून घरं पाडायची, नमुने उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचे (त्यातल्या एका रसायनाचा वास सडलेल्या अंड्यासारखा, शेजारचा विभाग दरवर्षी तक्रार करतो), आणि थरथरत्या हातानं एकेका घरात थेंब सोडायचा. वीज सुरू केली की निळी रेघ खाली सरकायला लागते. लहान प्रथिनं जाळीतून झपाझप निघून जातात, मोठी अडखळतात. एस.टी. स्टँडवरच्या गर्दीतून पोरं निसटतात आणि ट्रंकवाला अडकतो, तसंच. आज जगभर वापरतात ती ही पद्धत लेम्ली नावाच्या स्विस शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या निबंधातली. त्याला जेलमध्ये रस नव्हताच, तो एका विषाणूचं डोकं कसं जुळतं ते बघत होता. विषाणूचं डोकं मागं राहिलं आणि जेलनं त्याचं नाव अमर केलं.

रंगाचं नाव कुमासी ब्लू. घानामधल्या कुमासी शहरावरून पडलेलं, आणि ते शहर इंग्रजांनी ताब्यात घेतलं म्हणून पडलेलं. मुळात लोकर रंगवायचा रंग. हातमोजा फाटला की नखांच्या कडा चार दिवस निळ्या राहतात. आण्णांच्या पिवळ्या असायच्या, हंगामात तर जेवताना भातालाही लागायच्या. आई म्हणायची, वरणात वेगळी हळद घालायला नको. माझ्या निळ्या नखांकडं बघून मात्र ती काही विनोद करायची नाही, विषारी आहे का तेवढं विचारायची.

जेल रंगवून झाला की तो आधी अख्खा निळा होतो, काहीच दिसत नाही. मग व्हिनेगरच्या वासाच्या द्रावणात तो हलवत ठेवायचा, सोबत टिश्यू पेपरचा बोळा टाकायचा म्हणजे सुटलेला रंग तो शोषतो. हळूहळू मागचा निळा उतरतो आणि पट्ट्या वर येतात. हा अर्धा तास मला फार आवडतो. बोलणाऱ्या पोरीही डब्यावर वाकून गप्प होतात.

इथवर सगळं डोळ्यांचं. पुढं आकड्यांचं सुरू होतं.

आमच्याकडं जेलचा फोटो घ्यायचं महागडं यंत्र नाही. मिरजेच्या एका डॉक्टरांनी मोडीत काढलेली एक्सरे बघायची पेटी आहे. मिरजेत डॉक्टर मुबलक, त्यामुळं अशा पेट्याही. तिच्यातली उजवीकडची ट्यूब जरा मंद आहे. त्या पेटीवर जेल ठेवून मोबाइलनं फोटो काढायचा आणि व्हॉट्सअॅपवरून कॉम्प्युटरला पाठवायचा, ही मुलांची पद्धत. यात किती पापं आहेत ते मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मोबाइल आपल्याला न विचारता फोटो उजळतो, काळं जास्त काळं करतो. व्हॉट्सअॅप तो चेपून लहान करतं. मंद ट्यूबच्या बाजूचे बँड फुकट गडद होतात. आणि साध्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ पायऱ्या. चांगल्या कॅमेऱ्याच्या सोळा बिटांच्या फोटोत त्याच ६५,५३६ असतात. एकदा बँड शेवटच्या काळ्या पायरीवर पोचला की त्याच्या दुप्पट प्रथिन असलं तरी तो तिथंच. काळ्याला आणखी काळं म्हणायची सोय नाही. मुलं लिहून घेतात, मान हलवतात आणि फोटो व्हॉट्सअॅपवरूनच पाठवतात. कारण केबल ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडं.

मग इमेजजे. हे सॉफ्टवेअर मी पुण्यात पीएच.डी. करताना शिकले, आता मुलांना शिकवते आणि दर वर्षी मनात त्या माणसाला नमस्कार करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड नावाच्या गृहस्थांनी १९८७ साली मॅकिंटॉशसाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, तो जावा भाषेत नव्यानं बांधला, कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल असा. म्हणून नावात जे. फुकट. लायसन्स नाही, किल्ली नाही, मुदत नाही. जेलच्या यंत्राबरोबर येणारी विकतची सॉफ्टवेअरं चकचकीत असतात, स्वतःच लेन ओळखतात, स्वतःच बँड शोधतात. पण त्यांच्या एका वर्षाच्या पैशांत आमच्या विभागाची रसायनं येतात. वरवर बघायला इमेजजे म्हणजे एक राखाडी पट्टी, तिच्यावर चार-दोन चिन्हं. सरकारी कॅलेंडरसारखं साधं. त्याच्या जोरावर गावोगावच्या प्रयोगशाळा जगल्या, असं म्हणायला मला काही वाटत नाही.

बँड मोजायची रीत अशी. पहिल्या लेनभोवती चौकोन आखायचा, तोच चौकोन उचलून पुढच्या लेनवर ठेवायचा, असं सगळ्या लेनचं. मग ते प्रत्येक लेनचा आलेख काढून देतं. बँड असतो तिथं डोंगर, मोकळ्या जागी पठार. जेवढं प्रथिन जास्त तेवढा डोंगर मोठा. आता डोंगराचं क्षेत्रफळ हवं तर तो खालून बंद करायला हवा, आणि ती रेघ आपण ओढायची. माऊस धरून, या पायथ्यापासून त्या पायथ्यापर्यंत. मग आत एक टिचकी मारली की आकडा येतो. तीन दशांश स्थळांसकट.

डोंगर कुठं सुरू होतो?

सह्याद्रीचाही सांगता येत नाही. साताऱ्याकडून येताना अजिंक्यतारा नक्की कुठल्या शेतापाशी सुरू होतो, सांगा. पठार थरथरत असतं. थोडं वर धरलं तर डोंगर आखूड, थोडं खाली धरलं तर गलेलठ्ठ. शेजारी दुसरा बारीक बँड चिकटलेला असला तर तो यातला की त्यातला, हेही आपणच ठरवायचं. मुलीला तीन वेळा तीन आकडे आले ते याच रेघेमुळं. सॉफ्टवेअरनं तिन्ही वेळा बिनचूक मोजलं होतं. हललेला होता तो तिचा हात, आणि कदाचित हातामागचं मन, कारण तिसरा दिवस दुसऱ्याच्या खाली यायला हवा हे तिला पाठ होतं.

रेघ टाळायची असेल तर दुसरी सोय आहे, ती आधी मागची निळसर झाक सरसकट वजा करून टाकते. त्या युक्तीचं नाव 'फिरता चेंडू'. कल्पना अशी की फोटो म्हणजे उंचसखल जमीन आणि तिच्या खालून एक चेंडू घरंगळत जातो. चेंडू जिथवर शिरतो ते सगळं पार्श्वभूमी म्हणून काढून टाकायचं, जिथं अरुंदपणामुळं शिरत नाही ते बँड म्हणून ठेवायचं. चेंडू केवढा, ते आपण सांगायचं. न सांगता सोडलं तर ते पन्नास पिक्सेल धरतं. तुमचा बँड त्याहून रुंद असला तर चेंडू बँडच्या पोटात शिरतो आणि प्रथिनालाच पार्श्वभूमी म्हणून खाऊन टाकतो. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पुण्याच्या हॉस्टेलमध्ये एकटीच हसले होते. वजा करायचं ते बारदान असेल तर कुणाची हरकत नाही. चेंडू मोठा-लहान करायला लागलात की तो कडता झाला.

पुण्याचं सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट त्या मुलीचीच राहील.

माझ्या प्रबंधात एक आकृती आहे. एका औषधानं पेशींमधलं एक प्रथिन कमी होतं, असं दाखवणारी. तो साधा रंगवलेला जेल नव्हता. प्रथिनं कागदासारख्या पडद्यावर उतरवून, हवं तेच प्रथिन पकडणारी प्रतिद्रव्यं लावून, अंधाऱ्या खोलीत एक्सरेच्या फिल्मवर घेतलेल्या पट्ट्या. लाल दिव्याखाली फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली की अंधारातून पट्टी वर यायची, आणि त्या क्षणाची नशा मी आजही नाकारत नाही. प्रयोग मी पाच वेळा केला. तीन वेळा प्रथिन छान कमी झालं, एकदा जरासं, एकदा झालंच नाही. त्या पाचव्या वेळी फिल्मवर एक बुडबुडा होता. बुडबुडा खरा होता. पण चांगल्या आलेल्या तीनांपैकी एकावरही बुडबुडा होता आणि तो मी कधी मोजायला घेतला नाही.

सरांना तीन दाखवले. त्यातल्या एकाचा आकडा बाकीच्या दोघांपासून लांब होता. सर म्हणाले, "बघ जरा, नीट कर."

सर सज्जन माणूस, आजही दिवाळीला फोन करतात. त्यांनी मला काही खोटं करायला सांगितलं नव्हतं. पण 'नीट' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. काळजीपूर्वक केलेलं तेही नीट आणि हवं तसं बसलेलं तेही नीट. पदर नीट कर, अक्षर नीट काढ, आकडा नीट आण. मी परत फाइल उघडली. कुठली लेन औषधाची आणि कुठली विनाऔषधाची हे मला माहीत होतं. रेघ ओढताना हात आपोआप विनाऔषधाच्या डोंगराखाली जरा खोल गेला आणि औषधाच्या डोंगराखाली जरा उथळ. मी हे ठरवून केलं का? त्या वेळी विचारलं असतं तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं. आकडे जवळ आले. फिल्ममधली सर्वांत देखणी पट्टी कापून आकृतीत लावली आणि खाली लिहिलं, 'प्रातिनिधिक चित्र'. यार्डात पोत्याच्या तोंडाशी चांगली हळद भरलेली असते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून तिथं टोकदार नळी पोत्याच्या पोटात खुपसून आतला माल बघतात. आमच्या प्रबंधाच्या पोटात कुणी नळी खुपसली नाही. परीक्षकांनी व्याकरणाच्या दोन चुका काढल्या.

हे लबाडी या सदरात मोडतं का, याचा मी अधूनमधून विचार करते आणि दर वेळी उत्तर थोडं बदलतं. निष्कर्ष चुकीचा नव्हता, पुढं इतरांनाही तसंच दिसलं. पण ते माझ्या बाजूनं द्यायचं उत्तर झालं, रेघ ओढताना मला ते ठाऊक नव्हतं.

उघड लबाडी करणारे वेगळे. फोटोतला एक बँड कापून दुसऱ्या जागी चिकटवणारे, एकच पट्टी उलटी करून दुसऱ्या प्रयोगाची म्हणून खपवणारे. पेशीशास्त्राच्या एका नामवंत नियतकालिकानं, 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'नं, २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांतले फोटो छापण्याआधी तपासायला सुरुवात केली, ते अशांसाठी. आणि २०१६ साली एलिझाबेथ बिक या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी चाळीस नियतकालिकांतले २०,६२१ निबंध तपासून प्रसिद्ध केलं की त्यातल्या ३.८ टक्के निबंधांत संशयास्पद, परत वापरलेली चित्रं आहेत, आणि त्यातली निदान निम्मी मुद्दाम केल्यासारखी दिसतात. मला या कामातलं सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर बाईंनी ते डोळ्यांनी केलं. एकेक पान उघडून, बँडच्या कडेचा खवला, डागाचा आकार बघत. हळकुंड मोडून बघावं तसं. आता त्यासाठीही सॉफ्टवेअरं आली आहेत. पण अजून कुठल्याच सॉफ्टवेअरला एक गोष्ट सापडायची नाही, ती म्हणजे खोल गेलेली रेघ. ती चित्रात कुठं उरतच नाही. उरतो तो आकडा.

त्या रात्री भाकरी करताना मनात जे चाललं होतं ते असं. आण्णांचं 'मधलं' आणि माझं 'मधला' यांत काय फरक? आण्णांच्या समोर दोन माणसं उभी असायची. एक जास्त म्हणणारा, एक कमी म्हणणारा. दोघांचे डोळे लेखणीवर. दोघांनाही माहीत असायचं की खरा कडता कुणालाच ठाऊक नाही, हा एक समझोता आहे, आणि तो दोघांच्या देखत झाला आहे. माझ्या मुलीच्या समोर कोण होतं? मटकी काही बोलत नाही. तिन्ही आकडे तिचेच, तीच व्यापारी, तीच शेतकरी आणि तीच दिवाणजी. आणि मी, जिनं निदान पलीकडच्या बाजूनं उभं राहायचं होतं, ती गुणांच्या यादीतून मान वर करून तोडगा सुचवून मोकळी झाले.

आण्णा असते तर हे सगळं ऐकून म्हणाले असते, एवढं काय त्यात, परत तोला की. यार्डात वजनाचा वाद फारच वाढला तर तेच करायचे. पोतं परत काट्यावर. हमाल कुरकुरायचे.

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावलं. "कालचा मधला खोड," म्हटलं. तिचा चेहरा पडला, तिला वाटलं तिचं काही चुकलं. मी म्हटलं, तिन्ही लिही, सरासरी लिही, किती मागंपुढं होतंय ते लिही. ती म्हणाली, "मग मॅडम, तिसरा दिवस वरच राहतोय." राहू दे. "बाहेरचे परीक्षक विचारतील." विचारू दे, त्यासाठीच येतात. मग तिच्या वहीत मागं जाऊन बघितलं तर तिसऱ्या दिवसाच्या नमुन्यातलं प्रथिन तिनं वेगळ्या दिवशी, नव्या द्रावणानं मोजलं होतं. म्हणजे जेलवर सोडतानाच जास्त गेलं असायची शक्यता. तेही असेल. किंवा मंद ट्यूब, कारण तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाच्या लेन त्याच बाजूला. किंवा मटकीचंच काही, जे आम्हाला माहीत नाही. तिला हे शेवटचं सगळ्यात आवडलं. डोळे चमकले. मी म्हटलं, त्याच्यावर आत्ताच जीव टाकू नको.

परत तोलायचं ठरलं. सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच द्रावणानं मोजायचे. कपाटाची किल्ली मिळवून केबल आणली. पण मला खरी काळजी रेघेची होती. तिला पाठ आहे, आता मलाही पाठ आहे. मग प्रयोगशाळेच्या मामांना हाक मारली. मामा आमच्याकडं माझ्या आधीपासून आहेत, बुनसेन बर्नर नीट करण्यापासून पालकांना वाट दाखवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडं. त्यांना म्हटलं, "मामा, ह्या पाच नळ्यांवरची चिठ्ठी काढा आणि तुमच्या मनानं क, ख, ग, घ, च लिहा. कुठली कुठं गेली ते एका कागदावर लिहून ठेवा. आम्हाला सांगू नका." मामांनी दोनदा विचारलं, "तुम्हालाबी नको?" मलाबी नको. त्यांना ते विचित्र वाटलं, पण मजाही वाटली असावी. पाठ करून, खांदा आडवा धरून त्यांनी ते काम केलं. परीक्षेला पोरं पेपर झाकतात तसं.

जेल उत्तम आला. गळला नाही, वाकडा धावला नाही. संध्याकाळी आम्ही दोघी डब्यावर वाकून होतो. निळं पाणी फिकट होत होतं, टिश्यूचा बोळा निळा होत होता, खालून पाच लेन वर येत होत्या. ग मधला बँड भरगच्च. च अगदी पुसट. ख आणि घ मध्ये उन्नीस-बीस. मुलगी डोकं तिरकं करून बघत होती आणि मला दिसत होतं की ती ओळखायचा प्रयत्न करते आहे. ख म्हणजे दुसरा असेल का? ओरडणार होते. पण मीही तेच करत होते.

फोटो घेतला, केबलनं उतरवला. एकाच फाइलवर तिनं वेगळ्या रेघा ओढल्या, मी वेगळ्या, एकमेकींकडं पाठ करून. तिचे आकडे तिच्या वहीत, माझे माझ्या. जुळवून बघितले तर चार लेनमध्ये जवळजवळ सारखे आणि घ मध्ये चांगलाच फरक. घ खाली एक बारीक बँड चिकटलेला होता. मी तो आत घेतला होता, तिनं बाहेर ठेवला होता. यावर आमचं दहा मिनिटं रीतसर भांडण झालं. ती काही केल्या ऐकेना. आधीच्या जेलमध्ये तो बँड वेगळा दिसतो, हे तिनं मला वही काढून दाखवलं. मग मी माझी रेघ खोडली.

साडेसहा वाजले होते. खिडकीबाहेर विश्रामबागच्या बाजूनं रेल्वेची शिट्टी ऐकू आली. मुलगी म्हणाली, "मॅडम, आता चिठ्ठी उघडूया?"

दोघीही मामांच्या स्टुलाकडं बघायला लागलो. स्टूल रिकामं. टेबलाच्या खणात नाही, वहीत नाही, नोटीसबोर्डाला टोचलेली नाही. मामा पाचच्या बसनं कुपवाडला गेले होते आणि चिठ्ठी त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात होती.

मी फोन लावला. तिकडं टीव्हीचा आवाज, नातवाचं रडणं.

"मामा," म्हटलं, "शर्ट धुवायला टाकू नका."